गुरुपादआण्णांचा उलटा फळा

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक काळा फळा होता आणि त्याची पाठ रस्त्याकडं होती. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायची ती मागची कच्ची फळकुटं, वाकडे खिळे आणि कुणीतरी पुसलेली चुन्याची बोटं. अक्षरं वाचायची तर गल्लीत चार पावलं आत यायचं, फळा ओलांडायचा आणि मान मागं वळवायची. कोल्हापुरात तेव्हा प्रत्येक तालमीचा, प्रत्येक मंडळाचा आपापला फळा असायचा, आणि ते सगळे शहाण्यासारखे रस्त्याकडं तोंड करून उभे असायचे. आमचाच तेवढा रुसल्यासारखा.

मागं बघत पुढं चालायच्या नादात सायकली एकमेकींवर आदळायच्या. एकदा मलकापूरकडचे कुणाचेतरी पाहुणे लग्नाची पत्रिका वाटायला आले, मान मागं ठेवून फळा वाचत निघाले आणि थेट गटारीत गेले. त्यांना बाहेर काढता काढता गल्लीतल्या थोर मंडळींनी फळ्याच्या मालकाला तिथंच धरलं. मालक म्हणजे गुरुपादआण्णा शेटे. बारीक अंगकाठी, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी खडू.

"आण्णा, एकदा सरळ करा की हो ह्यो फळा."

आण्णांनी पाहुण्यांच्या धोतराचा सोगा पिळून दिला आणि हळू आवाजात म्हणाले, "ज्यास्नी वाचायचंय ते वळत्यात की."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मजकूर होता : 'काल एक पाहुणे गटारीत पडले. लागले नाही. आवाज मात्र मोठा झाला.'

फळ्याचं तोंड बरोबर आण्णांच्या घराच्या माडीकडं होतं. त्यामुळं गल्लीनं आपला निकाल लावून टाकला होता : ह्या माणसाला स्वतःचं अक्षर खिडकीतून स्वतःच बघत बसायची हौस आहे. अक्षर होतंही तसं. मोत्यासारखं वगैरे म्हणतात तसलं नाही, पण ठसठशीत, लांबून सुद्धा वाचता येईल असं. माडीच्या खिडकीत त्यांची बायको बसलेली असायची. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. खालून कुणी "अक्का, जेवलासा का?" म्हणून हाक मारली तर त्या बघायच्यासुद्धा नाहीत. 'लई माज हाय बाईला' असं गल्लीतल्या बायकांचं एकमतानं ठरलं होतं.

आण्णा स्वतः बोलायला महाकंजूस. नळाला पाणी येत नाही म्हणून तक्रार करा, कुणी म्हैस दारात बांधतं म्हणून तक्रार करा, पोरगं दहावीला पास झालं म्हणून पेढा द्या, आण्णांचं उत्तर एकच : "लिवतो की." आणि खरंच लिहायचे. 'सुतारांच्या घरी आज पाहुणे मुलगी बघायला येत आहेत. गल्लीने शांतता राखावी.' शांतता कसली राहतेय? फळा वाचून अख्खी गल्ली पाहुणे बघायला दारात उभी राहिली. लग्न मोडलं नाही, हे सुतारांचं नशीब.

पण मला आण्णांचा राग यायचा तो वेगळ्याच कारणानं. हा माणूस जे आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं असायचं तेच लिहायचा. 'कुल्फीवाल्याने घंटा बदलली. नव्या घंटेचा आवाज पातळ आहे.' 'देसायांचा मिक्सर बिघडला. खडे दळल्यासारखा वाजतो.' 'आज पहाटे कोकिळा ओरडली. यंदा लवकर.' अरे बाबा, आम्ही काय बहिरे आहोत? घंटा वाजली, आम्ही ऐकली, कुल्फी खाल्ली, विषय मिटला. ते खडूनं फळ्यावर कशाला? मी एकदा तोंडावर विचारलं. आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. लिवलं म्हंजे ऱ्हातंय."

नोकरीला आण्णा एका साखर कारखान्यात होते. शेती खात्यात, बेणे विभागाला क्लार्क. बेणं म्हणजे लागणीसाठी राखलेला ऊस, त्याच्या कांड्या शेतकऱ्यांना वाटायच्या. कुणाच्या रानातलं बेणं चांगलं, कुणाचं कुजकं, हे टिपून ठेवणं आण्णांचं काम. आता आमच्याकडं बेणं ह्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो : एखाद्याच्या पोराला शिवी द्यायची पण शिवी दिल्यासारखी वाटू द्यायची नाही, तेव्हा आम्ही त्याला बेणं म्हणतो. आण्णांना मात्र हा दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता. कोल्हापुरात केस पिकवलेल्या माणसाला एक अर्थ ठाऊक नसावा, ह्यावर पुढं कुणाचाच विश्वास बसला नाही.

मग रस्ता रुंद झाला आणि फळा गेला. आण्णा बरेच दिवस गल्लीच्या तोंडाला नुसतेच उभे राहायचे, खिशात खडू घेऊन.

त्याच सुमाराला मी वडलांच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत नेट कॅफे काढला. पीठ झाडून झाडून थकलो, तरी पहिलं वर्षभर कीबोर्डमधून पीठच यायचं. तेव्हा एका साइटवर जो तो आपापली कम्युनिटी काढत होता. आमच्या गल्लीच्या, पुण्यात आणि दुबईत गेलेल्या पोरांनी गल्लीची काढली. एका संध्याकाळी आण्णा आले, दारात चप्पल काढली आणि म्हणाले, "संजय, हितं म्हणं फळा हाय."

मी त्यांना मराठी टायपिंग शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, माझं रक्त आटवलं. एका बोटानं एकेक अक्षर शोधायचे, आणि सापडलं की माझ्याकडं बघून हसायचे. पण बसले. रोज कारखान्याची गाडी सुटली की हातपाय धुऊन कॅफेत हजर. आणि लिहायचे काय? तेच. 'आज गल्लीत बांगडीवाली आली. आवाज बसला आहे.' मी कपाळाला हात लावला. पण गंमत अशी, की दुबईतली पोरं त्यावर जीव टाकायची. 'आण्णा, बांगडीवाली अजून तशीच "घ्या गंऽ" म्हणते का?' 'आण्णा, आमच्या आईचा आवाज येतो का माडीवरनं?' खाली उत्तरांची रांग लागायची, त्या उत्तरांना उत्तरं, थट्टामस्करी, जुनी भांडणं. आण्णा सगळं वाचायचे आणि उठताना म्हणायचे, "प्रिंट काढ. खालचं बी काढ. खालचंच म्हत्त्वाचं हाय."

रोज प्रिंट. स्वतःच लिहायचं आणि स्वतःच छापून घरी न्यायचं. कुणाला कशाची हौस असावी ह्याला काही धरबंध नाही, असं मी मनातल्या मनात म्हणायचो आणि कागद द्यायचो.

असं सगळं बरं चाललेलं असताना आण्णांनी एके दिवशी लिहिलं : 'चेअरमनसाहेबांचं बेणं किडकं निघालं. दिसायला जोमदार, आतून पोकळ. कुणी लावून घेऊ नये.'

आता खरी गोष्ट अशी, की कारखान्याचा बेणेमळा त्या साली चेअरमनच्या रानात होता आणि त्याला खरोखरच कीड लागली होती. पण त्याच साली चेअरमननी आपल्या चिरंजीवांना संचालक मंडळात आणायचं ठरवलं होतं. चौकाचौकात चिरंजीवांचे फ्लेक्स लागले होते, काळा गॉगल, जोडलेले हात, दिसायला खरंच जोमदार.

मग जे व्हायचं ते झालं. दुबईहून एकानं विचारलं, 'लागण कुणाची?' पुण्याहून दुसऱ्यानं, 'आण्णा, तोडलेल्या बुडख्याचा खोडवा धरायचा का मोडून काढायचं?' मुरगूडला दिलेल्या आमच्या गल्लीच्या लेकीच्या नवऱ्यानं लिहिलं, 'हे बेणं आमच्या चौकात पण लावलंय, फ्लेक्सवर.' आणि ह्या सगळ्यात आमचे आण्णा एका बोटानं, अत्यंत गांभीर्यानं, उत्तरं देत होते. 'लागण साहेबांचीच. खोडवा धरू नये, कीड पुढे जाते.'

आठवडाही गेला नाही, तोवर त्या पानाचा कागद कारखान्यात प्रत्येक टेबलावर फिरला आणि शेवटी चेअरमनच्या टेबलावर पोचला. आण्णांना मेमो मिळाला. मेमोसोबत माझंही बोलावणं आलं, कारण ते लिहिणं पुसायचं कसं ते तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

चेअरमन हा गडी अंगानं आडवा, आवाजानं उभा. समोर तो कागद. म्हणाला, "शेटे, ह्ये बेणं म्हंजे काय रं?"

"ऊस, साहेब."

"कुणाचा?"

"आपलाच."

"मग पोकळ कोण हाय?"

"बेणं, साहेब."

मी खाली मान घालून माझ्या चपला बघत होतो, कारण वर बघितलं असतं तर मी हसलो असतो आणि माझी गिरणी परत बंद पडली असती. चेअरमनचं तोंड लाल झालं. त्यानं पुन्हा विचारलं, "कुणाचं डोकं हाय ह्याच्यामागं? तुझ्यासारख्या गरीब गाईचं हे वाक्य न्हवं. कुणी सांगितलं लिवायला?"

तेव्हा पहिल्यांदा आण्णांचा चेहरा बदलला. इतका वेळ ते खरोखर उसाविषयी बोलत होते. आता त्यांना काहीतरी उमगलं, दुसरा अर्थ टाळक्यात शिरला बहुतेक. ते एकदम म्हणाले, "मी लिवलंय. माझंच हाय."

माफीचा कागद तयारच होता. आण्णांनी तो निमूट वाचला. माफी मागतो, हे मान्य. पगारवाढ थांबवणार, तेही मान्य. पण शेवटी एक ओळ होती : यापुढे कुठल्याही सार्वजनिक ठिकाणी काहीही लिहिणार नाही. तिथं आले आणि पेन खाली ठेवलं.

"येवढं सोडून काय बी सांगा."

"का? लिवल्याबिगर जेवान जात न्हाई व्हय?"

चेअरमननी सांगितलं, सोमवारपर्यंत सही, नाहीतर निलंबन. रिटायर व्हायला आलेला माणूस, सगळी मदार पुढच्या पेन्शनवर, आणि अडलाय कुठं, तर कुल्फीवाल्याच्या घंटेवर. बाहेर आल्यावर मी त्यांना असं फैलावर घेतलं की कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन बघायला लागला. "सही करायला काय हात झडत्यात? कोण वाचतंय तुमचं? ती दुबईची रिकामटेकडी पोरं?" आण्णा 'लिवतो'सुद्धा म्हणाले नाहीत.

राग काही उतरेना, म्हणून त्यांच्यामागोमाग मी त्यांच्या घरात शिरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. माडीवर अक्का पाठमोऱ्या बसून गवार मोडत होत्या. मी म्हणालो, "अक्का, जरा ह्यास्नी समजवा." अक्का जागच्या हलल्या नाहीत. मला वाटलं, हाच तो माज. मी मोठ्यानं म्हणालो. तरी नाही.

आण्णांनी मग जमिनीवर दोनदा पाय आपटला. लाकडी माडी हादरली आणि अक्का वळल्या. आण्णांना बघून त्यांचं तोंड उजळलं आणि त्या बोलल्या. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. अंदाजापेक्षा मोठा, चढ कुठं आणि उतार कुठं ह्याचा मेळ नसलेला. "री, आजचं कागद कुठं हाय? काल बी न्हाई आनलंसा." अक्कांचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीवरचं, नवऱ्याला त्या तिकडच्यासारखं 'री' म्हणायच्या. "गल्ली गप हाय व्हय दोन दिस?"

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. खिडकीतून समोर बघितलं. जिथं पूर्वी फळा होता ती जागा इथून सरळ दिसत होती. पाठ रस्त्याकडं, तोंड इकडं.

"लगीन झालं आन दुसऱ्या साली ताप आला," आण्णा म्हणाले. "ताप गेला, कान घिऊन गेला. बोलायला येतंय तिला. पर आवाज कसा येतोय ते कळत न्हाई. एकदा पोरं हासली, तवापासनं ती भाईर बोलत न्हाई."

"अवं, मग पाटीवर लिवा की घरात. फळा कशाला, नेट कशाला?"

"लिवतोय की पाटीवर. पर पाटीवर तिला फकस्त मीच ऐकू येतोय." आण्णांनी मान खाली घातली. "निस्तं माझंच ऐकून किती वर्सं काढायची मानसानं? फळा हुता तवा गल्लीत काय वाजलं ते कळायचं. ह्या नेटवर तर सगळी एकामेकाला उत्तरं देत्यात. ती वाचती, हासती. संजय, हिला मानसं बोलत्याली ऐकू यायला लागली रं. आता सही करून परत बंद करू?"

मला नुसतं वाईट वाटलं नाही, मला त्या सगळ्या घंटा, मिक्सर आणि कोकिळा आठवल्या.

अक्का आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होत्या. त्यांनी पाटी पुढं केली. आण्णांनी लिहिलं, 'काही नाही.' माझा स्वभाव पहिल्यापासून वाईट. मी ती पाटी हिसकावली, पुसली आणि लिहिलं, 'बेणं किडकं लिहिल्यामुळं आण्णांची नोकरी चालली. चेअरमन म्हणतो, माझ्या पोराला बोलला.'

अक्कांनी वाचलं आणि मोठ्यानं हसल्या. "पोराचंच म्हनत हुते की मी. ह्यांनी उसाचं सांगितलं, मी म्हनलं, असं लिवा. ह्यास्नी कळलंच न्हाई व्हय?" मग हसू थांबलं. त्यांनी आण्णांकडं बघितलं. "आन तुमी माझं नाव न्हाई सांगितलंसा."

सोमवारी सकाळी अक्का ठेवणीतलं इरकल लुगडं नेसून, पाटी काखेत घेऊन, कारखान्याच्या गाडीत आण्णांच्या शेजारी बसल्या. मीही गेलो, न जाऊन सांगतो कुणाला. चेअरमनच्या खोलीत खुर्ची दिली तरी त्या बसल्या नाहीत. "वाक्य माझं हाय," म्हणाल्या. इतक्या मोठ्यानं की बाहेरच्या टाइपरायटरचा आवाज थांबला. "ह्यांचं न्हाई. ह्यास्नी ऊस सोडून काय कळत न्हाई."

चेअरमन उसळून बोलायला लागला. अक्कांनी शांतपणे पाटी आणि पेन्सिल त्याच्यापुढं धरली. "मला ऐकू येत न्हाई. लिवा."

आता पाटीवर ओरडता येत नाही. चेअरमननी एक ओळ लिहिली, ती त्यालाच बरी वाटली नसावी, बोटानं पुसली. दुसरी लिहिली, तीही पुसली. मोठ्या अंगाचा माणूस, पहिलीतल्या पोरासारखा पाटीवर वाकलेला. शेवटी काहीतरी लिहून त्यानं पाटी फिरवली. अक्कांनी ती त्यांच्या त्या आवाजात वाचली, सगळ्या ऑफिसनं ऐकली : "वैनी, पोरगं माझं तेवढं वाईट न्हाई वो."

कुणी हसलं नाही. अक्कांचा चेहरा उतरला. "व्हय," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. मला पोरबाळ न्हाई. बापाला काय वाटत आसंल ते ध्येनातच आलं न्हाई माझ्या."

चेअरमननी पाटी बाजूला सारली. मग त्यानं तो माफीचा कागद ओढला, शेवटच्या ओळीवर काट मारली आणि आण्णांना म्हणाला, "कारखान्याचं सोडून काय बी लिव. आन बेणं म्हनू नगंस. रोप म्हन."

त्या संध्याकाळी आण्णा कॅफेत आले, बसले आणि एका बोटानं लिहायला लागले. एरवी मी बघत नाही, त्या दिवशी मागं उभा राहून बघितलं.

'आज एक आवाज ऐकला. गल्लीत पुष्कळांनी ऐकलेला नाही म्हणून लिहितो. थोडा मोठा आहे. सुरुवातीला जाड, शेवटाला पातळ होतो. लग्नात नाव घेताना होता तसाच आहे. ज्यांचा आहे त्यांना वाटते बिघडला, पण बिघडलेला नाही.'

खाली उत्तरं पडायला वेळ लागला नाही. सुतारांच्या दुबईतल्या पोरानं लिहिलं, 'अक्का, परत एकदा नाव घ्या की.' त्याच्याखाली सगळ्यांनी तेच लावून धरलं. आण्णांनी प्रिंट मागितली. "खालचं बी," मीच म्हणालो.

ते घरी गेले. मी दारात उभा राहिलो. माडीच्या खिडकीत दिवा लागला, अक्का कागद घेऊन उजेडाला आल्या आणि वाचायला लागल्या, मोठ्यानं. समोरच्या देसाईवहिनी दारात आल्या, सुतार आले, बायका कट्ट्यावर आल्या. 'लग्नात नाव घेताना' इथं आल्यावर त्या थांबल्या. मग खालचं वाचलं. मग खिडकीतून खाली बघितलं तर सगळी गल्ली वर बघत होती.

उखाणा त्यांना आठवला नाही बहुतेक. नुसतं नावच घेतलं. "गुरुपाद," म्हणाल्या. सुरुवातीला जाड, शेवटाला पातळ.

थोड्या वेळानं आण्णा जिना उतरून धावत कॅफेत आले. तोंड लाल, डोळे ओले, एका पायात चप्पल नाही.

"ऐकलास?"

"सगळ्या गल्लीनं ऐकलं, आण्णा."

"तिला न्हाई ऐकू आलं न्हवं," ते म्हणाले. "लिवतो की." आणि मशीनपुढं जाऊन बसले.